डोंगराचा कौल

चकाला, अंधेरी
६ फेब्रुवारी १९५६

चि. धाकू,

आशीर्वाद मागाहून. आधी विचारायचं ते विचारते, नाहीतर खुशालीतच कागद संपेल.

काल बाळा तेली बोटीने आला. तुझ्या माणिकने पाठवलेले कुळीथ आणि सोलं पोचली. चहा घेताना तो इकडचं तिकडचं बोलत होता. उठताना दारात थांबला आणि म्हणाला, "बाय, तुझ्या भावान देव इकल्यान." माझ्या हातात बशी होती ती तशीच राहिली.

आमची घरमालकीण कार्मेनबाई ओसरीवर मासे साफ करत होती. तिने विचारलं, "देव कसा इकतात गो?" तिला सगळं समजावून सांगावं लागलं. आमच्या तेरेकोंडात मोठं काही ठरवायचं असलं की देवाला विचारतात. दुसऱ्या गावांत उजवा कौल, डावा कौल असतो. आमच्याकडे तगरीची एकच पाकळी. पाण्यात भिजवून गुरवाने ती देवाच्या पाषाणाला लावायची, एक हात पाषाणावर ठेवून गाऱ्हाणं घालायचं. पाकळी पडली तर देव होय म्हणाला. नैवेद्य होईपर्यंत चिकटून राहिली तर नाही. आणि गुरव माझा भाऊ.

"मंग पडली का ऱ्हायली?" कार्मेनबाईने विचारलं.

पडली, म्हणे. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत. देवाचा डोंगर लोखंडाच्या खाणीला द्यावा का, एवढा मोठा प्रश्न, आणि देवाला विचार करायलाही वेळ लागला नाही. गाव म्हणतं, कंपनीने गुरवाला फितवलं.

धाकू, आपण लहानपणी पडवीत घागरीवर पाकळ्या लावून खेळायचो. पाणी कमी लावलं की पाकळी लवकर सुटते, हे तुलाही ठाऊक आणि मलाही. गावातल्या दुसऱ्या कोणाला ते इतकं ठाऊक नाही. म्हणून विचारते. मला खरं सांग. डोंगर मागणाऱ्या कंपनीतच हे नोकरीला आहेत, तेव्हा माझी मान दोन्हीकडून खाली जाते.

तुझी,
बाय


तेरेकोंड
१४ फेब्रुवारी

ती. सौ. बायस धाकूचा नमस्कार.

तुझं पत्र पोस्टमनने अण्णा गावकरांच्या पडवीत माझ्या हातात दिलं. चार माणसं बसली होती. तिथे फोडलं नाही हे बरं झालं.

पाकळी नेहमीसारखी भिजवली. बाबा भिजवायचे तशी. गाऱ्हाण्यात डोंगराचं नाव घेतलं, लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि पाकळी पडली. त्या वेळी गाभाऱ्यात आणखी काही झालं. ते मी सांगणार नाही. तू सध्या माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघतेस त्या डोळ्यांना ते दिसायचं नाही.

अण्णांनी गाभाऱ्याची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. त्यांचा पुतण्या दिवा लावतो. त्याला वात वळता येत नाही, सगळा गाभारा काजळीने भरला. मी बाहेरून बघतो. शिमगा झाला की गाव बसणार आणि सेवा आपल्या घरात ठेवायची की नाही ते ठरवणार. बाबा, आजोबा, त्यांचे आजे, सगळ्यांनी ह्या देवाला आंघोळ घातली. मला दुसरं काही येत नाही, बाय. मी बरा शेतकरीसुद्धा नाही, हे तूच हसून सांगायचीस. माणिक विहिरीवर गेली की बायका कळशा उचलून चालू लागतात.

आता माझा प्रश्न. डोंगर खणला तर मला काय मिळणार? झऱ्याचं पाणी तांबडं होईल, तेच. भावोजींना काय मिळणार ते तू सांग.

धाकू


अंधेरी
२२ फेब्रुवारी

चि. धाकू,

विचारलंस ते बरं केलंस. डोंगर मिळाला तर ह्यांना खाणीवर साहेबांच्या हाताखालची जागा मिळेल, आणि राहायला घर. तेरेकोंडच्या शिवेवर. रोज संध्याकाळी माहेरी जाता येईल अशा जागी. ऐकलं तेव्हा मला आनंद झाला होता. लपवत नाही.

पण म्हणून ह्यांच्याबद्दल भलतंसलतं लिहू नकोस. हे कंपनीच्या शेडमध्ये दगड फोडतात, दळतात, त्यात किती लोखंड ते बघतात. लबाडी करायला लागते ती फुरसत त्यांना नाही. मागे एकदा तुमच्या डोंगराचा तुकडा घरी आणला आणि कार्मेनबाईच्या बशीच्या पाठीवर घासून दाखवला. दगड काळा, पण रेघ उमटली ती तांबडी. कार्मेनबाई म्हणाली, "आता ही बशी कोन घासणार, तुजा साहेब?"

त्याच दिवशी ह्यांनी नकाशा दाखवला. वर जांभा, त्याच्या खाली लोखंडाचा पट्टा. तो माथ्यावरून उतरत उतरत देवळाच्या खाली येतो. हे म्हणाले, "तुमचा देव कोणी बसवलेला नाही. तो डोंगराचंच वर आलेलं टोक आहे." मला भरून आलं होतं. बाबा म्हणायचे की देवाला मूळ आहे, खणून संपायचं नाही.

असं सांगणारा माणूस देवाशी खेळ करील?

हे परवा चांद्याकडे निघाले, तिकडच्या लोखंडाची पाहणी आहे. दोन-तीन महिने लागतील. तू मात्र गाभाऱ्यात काय झालं ते सांगत नाहीस. बाळा तेली म्हणत होता, माणिकच्या अंगावर नवं लुगडं आहे.

तुझी,
बाय


तेरेकोंड
१ मार्च

बाय,

लुगडं तू दिवाळीला पाठवलेलं. बाळा तेल्याला सांग.

धाकू


अंधेरी
५ मार्च

चि. धाकू,

लुगड्याबद्दल मी चुकले. पण आज जे झालं ते ऐक आणि माझ्यावरचा राग थोडा बाजूला ठेवून उत्तर दे.

आमच्या मागे मरोळच्या बाजूला दगडाच्या खाणी आहेत. इमारतींना लागणारी खडी तिथून जाते. दुपारी शिटी होते, मग सुरुंग. आम्हाला त्याची सवय झाली आहे. शिटी झाली की कार्मेनबाई धावत कपाटाशी जाते आणि नवऱ्याच्या आईच्या बशा छातीशी धरून उभी राहते. आज मला पूजेला उशीर झाला. देवाच्या तसबिरीच्या काचेला ओलं फूल लावलं आणि शिटी झाली. खाण तिकडे मैलावर, पण जमिनीतून घरघर आली आणि माझ्या डोळ्यांदेखत फूल सुटून खाली पडलं.

कार्मेनबाई बशा घेऊन दारात. "सुलू, तुजा देव पडला गो!"

"देव नाही, फूल पडलं."

"मंग देवाला सांग, शिटी झाली का धरून बस म्हनून."

मी हसले. मग फूल उचलता उचलता एकदम सुचलं. धाकू, कंपनीने डोंगरावर चाचणीचे खड्डे घेतले आहेत ना? कौलाच्या सकाळी तिथे सुरुंग उडाला होता का? तू नाही, पाकळी त्या हादऱ्याने पाडली असेल. देव डोंगराला जोडलेला आहे. मग डोंगराला बसलेला धक्का त्याला बसणारच.

हे खरं ठरलं तर तुझी सेवा वाचेल. अण्णांना सांग. मला लगेच कळव.

तुझी,
बाय


तेरेकोंड
१२ मार्च

ती. बायस,

आवाज झाला होता. पण त्या दिवसांत रोजच व्हायचा, कोणी मनावर घेतलं नाही.

तुझं पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी काठी घेतली आणि थेट खड्ड्यावर गेले. तिथे आपल्याच वाडीची दोन माणसं मजुरीला आहेत. त्यांनी सांगितलं की त्या मंगळवारी वरच्या खड्ड्यात सुरुंग भरून तयार ठेवला होता आणि देवळाची घंटा वाजली की थोड्या वेळाने उडवा असा हुकूम होता. मुकादम परमुलखातला. त्याला आपल्या घंटेचं काय कळणार? तो म्हणाला, मुंबईहून तसं कळवलं होतं.

अण्णा परत आले आणि एवढंच म्हणाले, "मुंबयत घंटा कोणाक ठावक?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तुझ्याकडे बघतो आहे. आता गाव म्हणतं, दोघा मेहुण्यांनी मिळून केलं.

तुला वाटेल की सुरुंगाचं कळून मला आनंद झाला. झाला नाही. का ते विचारू नकोस.

धाकू


अंधेरी
१७ मार्च

तीर्थस्वरूप यांसी सौ. सुलक्षणाचा नमस्कार.

धाकूचं पत्र सोबत ठेवते. वाचा.

जानेवारीत तुम्ही जेवत होता. मी बोलता बोलता म्हणाले की येत्या मंगळवारी तेरेकोंडला कौल लावणार. तुम्ही विचारलंत, "किती वाजता?" मी म्हटलं, देवळात कुठलं घड्याळ, घंटा झाली की गाऱ्हाणं सुरू. तुम्ही ताटातल्या भातावर बोटाने रेघ ओढत राहिलात. मला वाटलं, भाजी अळणी झाली.

मी तुमच्याशी भांडायला लिहीत नाही. माझ्या भावाला देवळाच्या बाहेर उभं केलं आहे. तो हुकूम तुम्ही दिला होता का, आणि कशासाठी, एवढं कळवा. मी आजवर तुमचं कुठलंही उत्तर पडताळून पाहिलं नाही. हेही पाहणार नाही, पण ते मला पटावं अशी फार इच्छा आहे.

सुलक्षणा


मुक्काम चांदा
२४ मार्च

प्रिय सौ. सुलक्षणा,

हो, मी कळवलं होतं.

सुरुंग उडतो तेव्हा रानात गुराखी असतात, लाकडं तोडायला आलेल्या बायका असतात. गेल्या साली एका ठिकाणी एकीला दगड लागून ती कायमची आंधळी झाली. ते मी पाहिलं आहे, तुला सांगितलं नव्हतं. सगळा गाव एकाच वेळी देवळात, छपराखाली, असा दिवस पुन्हा मिळणार नव्हता. म्हणून लिहिलं की घंटा झाल्यावर उडवा. पाकळीचं माझ्या मनातही आलं नाही.

तू नकाशाची आठवण काढशील. काढ. नकाशा काढणाऱ्याला प्रत्येक गोष्ट प्रत्येक वेळी आठवतेच असं नाही.

अण्णा गावकरांना सुरुंगाचं जरूर कळव. माझं नाव मात्र घालू नकोस. साहेबाला हे गावाकडून कळलं तर ती जागा गेली आणि ते घरही गेलं. शिवेवरचं घर तुलाच हवं होतं.

तुझा,
जयवंत


अंधेरी
२९ मार्च

श्री. अण्णा गावकर आणि तेरेकोंडचे मानकरी यांसी,

गुरवांच्या घरची लेक सुलक्षणा हिचा नमस्कार. आपण माझ्या वडिलांना मान दिलात, म्हणून मी हे स्वतःच्या हाताने लिहिते.

कौलाचा दिवस आणि घंटेची खूण मी माझ्या यजमानांना सांगितली. घंटेनंतर सुरुंग उडवावा हे त्यांनी मुकादमाला कळवलं. रानात कोणी माणूस सापडू नये म्हणून, असं ते म्हणतात. माझ्या भावाला ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. दोष द्यायचा तर ह्या घराला द्यावा. त्याला गाभाऱ्यात घ्यावं, डोंगरावरचं काम थांबवून देवाला पुन्हा विचारावं.

सुलक्षणा


तेरेकोंड
१२ एप्रिल

ती. बायस धाकूचा साष्टांग नमस्कार.

किल्ली मिळाली. अण्णांनी सगळ्यांसमोर दिली आणि माझा हात सोडेनात. माणिक विहिरीवर गेली तेव्हा एकीने तिची कळशी भरून दिली. तू जे लिहिलंस ते लिहायला तुला किती जड गेलं असेल ते मला कळतं. भावोजींचं काय झालं?

काल पुन्हा कौल लावला. कंपनीचे मजूर डोंगरावरून खाली आणून देवळाच्या आवारात बसवले होते, मुकादमालासुद्धा. तो बिचारा चपला हातात घेऊन उभा. पाकळी लावली. गाऱ्हाणं झालं, नैवेद्य झाला, पाकळी जागची हलली नाही. देव नाही म्हणाला. लोकांनी ढोल काढले.

आता जे तेव्हा सांगितलं नाही ते सांगतो.

त्या पहिल्या दिवशी माझा हात पाषाणावर होता. डोंगराचं नाव घेतलं आणि देव माझ्या हाताखाली हलला. थरथरला, बाय. अंगाला अंग लागावं तसा. बाबा मरताना म्हणाले होते की त्यांनी जन्मभर हात ठेवला पण देवाने एकदाही ओळख दिली नाही, मला देईल. म्हणून गाव मला चोर म्हणत होतं तरी मी आतून भरलेला होतो. देवळाबाहेर उभा राहूनसुद्धा. लोकांना काय वाटायचं ते वाटो, मला ओळख मिळाली होती. तुझं सुरुंगाचं पत्र आलं तेव्हा अब्रू परत यायची वाट झाली आणि ती ओळख गेली.

काल सगळा वेळ माझा हात तिथे होता. गार दगड. इतकी वर्षं मी कधी त्याला मनातसुद्धा दगड म्हटलं नव्हतं. काल म्हणालो. नैवेद्य दाखवताना मंत्र आठवेना. माणिक म्हणते, "तुमका सेवा परत गावली, मगे असे काय बसतास?" तिला काय सांगू? असंच राहिलं तर मी किल्ली आपणहून परत देईन. रिकाम्या हाताने देवाला आंघोळ घालणं म्हणजे फसवणूक. जी मी केली नाही म्हणून तू एवढी भांडलीस, ती आता रोज होईल.

पण एक गोष्ट आठवते आहे. देव आधी हलला. पाकळी पडली. आवाज त्यानंतर आला, डोंगराकडून, जरा वेळाने. मी दहादा मनात घोळवलं, क्रम हाच आहे. सुरुंगाने हलला असता तर आवाज आधी नको का? निदान बरोबर तरी? मग आवाजाच्या आधी कोण हलला? मला वाटतं, देव होय म्हणायला हलला नसेल. पुढे काय होणार ते त्याला आधी कळलं आणि तो कापला.

भावोजींना हे विचार. तेच सांगू शकतील. त्यांच्यावर माझा राग आहे, पण दगडाच्या बाबतीत ते खोटं बोलायचे नाहीत.

धाकू


मुक्काम चांदा
२६ एप्रिल

सौ. सुलक्षणास,

तुझं १९ तारखेचं पत्र पोचलं. धाकूचा प्रश्न मार्मिक आहे आणि त्याचं उत्तर सोपं आहे.

सुरुंगाचा धक्का दोन वाटांनी येतो. एक हवेतून, तो आवाज. दुसरा जमिनीतून. कठीण दगडातून धक्का हवेपेक्षा कितीतरी पटीने वेगाने धावतो, आणि वरच्या खड्ड्यापासून देवळापर्यंत तर सलग लोखंडी पट्टा आहे. तेव्हा धाकूच्या हाताला हादरा आधी लागणार, आवाज कानावर मागून येणार. त्याला वाटलं ते उलट आहे. आवाज आधी आला असता तर मलाच नवल वाटलं असतं. त्याच्या क्रमावरूनच सिद्ध होतं की तो सुरुंगच होता. त्याला कळव, बिचाऱ्याचा घोळ मिटेल.

साहेबाने मला इथेच ठेवायचं ठरवलं आहे. अंधेरीची शेड दुसऱ्याकडे दिली. तू नाव घातलंस हे मला साहेबाकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तू इकडे यावंस की नाही ते तू ठरव. मी बोलावलं तर तू त्यातही काही शोधशील.

जयवंत


अंधेरी
२ मे

चि. धाकू,

ह्यांचं उत्तर आलं. मी ते दोनदा वाचलं.

तुझी आठवण बरोबर आहे, असं ते म्हणतात. हादरा आधी आला, आवाज मागून. त्यात तुझी काही चूक नाही. पुढे त्यांनी खाणवाल्यांच्या भाषेत पुष्कळ लिहिलं आहे. ते उतरवून पाठवत नाही, आपल्या कामाचं नाही.

तू लिहिलंस की देव होय म्हणायला हलला नाही, कापला. मला ते पटलं. बाबा असते तर त्यांनाही पटलं असतं, आणि त्यांना तुझा थोडा हेवाही वाटला असता. गावात मात्र हे बोलू नकोस. दुसरा कौल लागला आहे, डोंगर वाचला आहे, कोणी पुन्हा शंका काढायला नको. ओळख तुला मिळाली, ती तुझ्यापाशी राहू दे. किल्ली परत द्यायचं मनात आणू नकोस. उद्या पहाटे उठ, देवाला आंघोळ घाल, वात नीट वळ. काजळी पुसायला चिंच लाव.

मी बरी आहे. हे चांद्यालाच राहणार आहेत. मी जायचं की नाही ते अजून ठरलं नाही. कार्मेनबाई म्हणते, "तू गेलीस का खोली मी कुनाला देनार नाय, तुजं सामान बगत बसेन." म्हणून निदान घाई नाही.

आणखी एक. ह्या बाबतीत तू ह्यांना परस्पर पत्र लिहू नकोस. ते आता सारखे आत, जंगलात फिरतीवर असतात. तिकडे टपाल पोचत नाही.

तुझी,
बाय